काळा पक्षी, पांढरी खादी

कोतवाल वर्ध्याच्या शिवारात सर्वत्र आढळतो : तारेवर, बाभळीच्या शेंड्यावर, चरणाऱ्या गुरांच्या पाठीवर. छायाचित्रात मात्र बहुधा त्याची नुसती काळी आकृती उरते. पिसांवरची निळसर झळाळी आणि डोळा काळोखात बुडून जातात.

याचे कारण यंत्राच्या एका गृहीतकात आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी आहे, असे प्रकाशमापक मानतो. मागे उजळ आकाश असले की तो प्रकाश कमी घेतो आणि पक्षी ठिपका होतो. चौकट पक्ष्यानेच भरली तर प्रकाश जास्त घेतला जाऊन काळा रंग राखाडी होतो. दोन्ही वेळा चूक एकच : सरासरीला सत्य मानण्याची.

हाच पेच याच जिल्ह्यात एका निराळ्या विषयासंदर्भात इतिहासाने मांडून ठेवला आहे. सेवाग्राम आश्रमात कनू गांधींना छायाचित्रणाची परवानगी मिळाली ती तीन अटींवर : फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचे नाही, आणि खर्च आश्रम करणार नाही. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या 100 रुपयांतून त्यांनी रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला. समोर सावळा देह आणि पांढरीशुभ्र खादी. वर विदर्भाचे ऊन. खादीचा पोत सांभाळावा तर चेहरा काळवंडतो. चेहरा सांभाळावा तर खादी विरघळते.

1939-40 च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी ‘झोन सिस्टिम’ सिद्ध केली. प्रकाश सावलीसाठी मोजावा आणि डेव्हलपिंग उजळ भागासाठी बेतावे, हे जुने सूत्र तिने शास्त्रशुद्ध केले. परंतु बारा चित्रांच्या रोलमध्ये प्रत्येक चित्र वेगळे डेव्हलप करता येत नाही. तेव्हा फ्लॅश नाकारलेल्या छायाचित्रकारापाशी उरतो तो वेळेचा आणि जागेचा विवेक : सकाळचा तिरपा उजेड, ओसरीची सावली. काळ्या पिसांची झळाळीही अशाच तिरप्या उजेडात उमटते.

फिल्मवर सावलीत हरवलेले परत मिळत नाही. डिजिटल चित्रात अतिउजळ भागात हरवलेले. म्हणूनच जुने छायाचित्र पुरावा म्हणून वाचताना जे दिसते तेवढ्यावर थांबून चालत नाही. जिथे नुसता काळोख आहे, तिथे काही नव्हतेच की उजेडाचा हिशेब दुसऱ्या कुणासाठी मांडला होता, हा प्रश्न अभ्यासकाने विचारलाच पाहिजे.