सटवाईच्या कोऱ्या कागदानंतर

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ आणि आसपासच्या गावांत आजही कित्येक घरी बाळंतिणीच्या खोलीत पाचवी-सहावीची पूजा मांडतात. पाटा-वरवंटा, हळदकुंकू, रात्रभर तेवत ठेवायचा दिवा आणि शेजारी एक कोरा कागद नि लेखणी. सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळीचं लिहून जाते, ही समजूत. मूल वाढवण्याच्या कामात आईबापांच्या समोर येणारा हा पहिला कागद. त्यावर काय लिहिलं गेलं ते वाचायची सोय मात्र नाही.

बाकीचं सगळं आजीच्या हातात असे. गुटीत हळकुंडाचे वेढे किती नि जायफळाचे किती, मुरडशिंग कधी उगाळायचं, वेखंड कधी, टाळू कशी भरायची, शेक किती द्यायचा, हे कुणी लिहून ठेवलं नाही, कारण विचारायला उंबऱ्याबाहेर जावं लागत नव्हतं. त्यातलं काही उपकारक होतं, काही घातक. पण आईला एकटं पडू न देण्याची त्या व्यवस्थेची ताकद मोठी होती. रात्री दोनला मूल रडून रडून निळं पडायला लागलं, तर उठवायला कुणीतरी घरात असे.

ही वीण उसवायला कारणं बरीच झाली, आणि मोहोळच्या बाबतीत एक कारण रुळांवरून आलं. 1860 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा फाटा बार्शी रोडकडून मोहोळपर्यंत आणि त्याच वर्षी पुढे सोलापूरपर्यंत पोचला. 1877 मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली, ती पुढे जुनी मिल म्हणून ओळखली गेली. मग आणखी गिरण्या आल्या आणि जिल्हाभरातून माणसं तिकडे सरकली. गिरणीच्या चाळीतल्या खोलीत नवरा-बायको आणि पोरं, आजी गावाकडे. मूल वाढवण्याबद्दल पुस्तकाला विचारावं, असं वाटायला लागण्याची मुळं अशा घरांत शोधावी लागतात. अर्थात त्या घरांतल्या बहुतेकांना तेव्हा वाचता येत नव्हतं. ज्यांना गरज त्यांच्यापर्यंत पुस्तक पोचत नाही, हा पेच तेव्हापासूनचा आहे.

मोहोळहून पंढरपूर जवळच. तिथे 1875 मध्ये प्रार्थना समाजाचे लालशंकर उमियाशंकर त्रवाडी या न्यायाधीशांच्या पुढाकाराने बालहत्या प्रतिबंधक गृह आणि अनाथाश्रम निघाला. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 मध्ये हेच काम सुरू केलं होतं. यात्रेच्या निमित्ताने पंढरीला येऊन मुकाट्याने बाळंत होणाऱ्या विधवांसाठी आणि त्यांच्या लेकरांसाठी हे घर होतं. पुढे नवरंगे बालकाश्रम म्हणून ते नावारूपाला आलं. पालकत्वाच्या इतिहासात या घराला मोठी जागा द्यायला हवी. आईबाप नसलेलं मूल कुणी, कसं वाढवायचं, हा प्रश्न या भागात नशिबावर न सोडता जाणूनबुजून हाती घेतला गेला, तो इथे.

मराठीत आईला उद्देशून छापील सल्ला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दिसू लागतो. डॉ. सखाराम अर्जुन यांनी गर्भविद्या आणि प्रसूती यांवर मराठीत लिहिलं. 1882 मध्ये पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ आलं. त्यात मुलांचं संगोपन आणि शिक्षण यावर स्वतंत्र प्रकरण आहे. पुस्तक लिहिणारी बाई तेव्हा चोवीस वर्षांची होती, नवरा त्याच वर्षी गेलेला, आणि पदरात वर्षा-सव्वा वर्षाची मनोरमा. या पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशावर रमाबाई पुढच्या वर्षी इंग्लंडला गेल्या. पुस्तकाचा सूर मात्र त्या काळाचा आहे: आई अज्ञानी, तिने शिकावं, म्हणजे मूल घडेल. या सुरातली पुस्तकं पुढे पन्नास वर्षं निघत राहिली. चूक मुलाची किंवा आईची. बाप त्यात क्वचितच सापडतो.

हा सूर बदलला तो एका बापाच्या अस्वस्थतेतून, आणि तेही गुजरातीत. गिजुभाई बधेका हे काठियावाडातल्या वढवाणचे वकील. 1913 मध्ये त्यांना मुलगा झाला, नरेंद्र. याला वाढवायचं कसं, या विचाराने ते इतके पछाडले की जाणत्या माणसांना विचारत फिरू लागले. अशा शोधात ते वसो गावी मोतीभाई अमीन यांच्याकडे पोचले. मोतीभाई म्हणजे बडोदे संस्थानातल्या ग्रंथालय चळवळीतलं मोठं नाव. त्यांनी गिजुभाईंच्या हाती मारिया मॉन्टेसरीचं लेखन ठेवलं. अडलेल्या बापाला ग्रंथालयवाल्याने योग्य पुस्तक दिलं आणि वकील शिक्षक झाला, असं हे सरळ घडलेलं आहे. 1920 मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत गिजुभाईंनी बालमंदिर काढलं. त्यांनी मुलांसाठी लिहिलं, शिक्षकांसाठी लिहिलं आणि आईबापांसाठी खास लिहिलं. पालक होणं कठीण आहे, हे एका पुस्तकाच्या नावातच त्यांनी कबूल करून टाकलं. घाबरलेल्या आईबापांना याहून मोठा दिलासा कोणता?

भावनगरला 1923 च्या सुमारास ताराबाई मोडक आल्या. मुंबईत प्रार्थना समाजी घरात जन्मलेल्या, पदवीधर, राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य राहिलेल्या, संसार मोडलेल्या आणि लहान मुलीला एकटीने वाढवणाऱ्या. पालकत्वातल्या अडचणी त्यांना पुस्तकात वाचाव्या लागल्या नाहीत. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत निघे, पुढे ताराबाईंनी ती मराठीतही चालवली. ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’, ‘बिचारी बालके’ ही त्यांच्या पुस्तकांची नावं पाहिली तरी सल्ल्याची दिशा कुठे वळली ते कळतं. हट्ट करणारं मूल वाईट नसतं, त्याला काहीतरी सांगायचं असतं आणि मोठ्यांना ऐकू येत नसतं. मार बंद करा, आमिष बंद करा, आधी बघायला शिका. 1930 च्या दशकात छडी वाजल्याशिवाय विद्या येत नाही असं मानणाऱ्या समाजाला एक बाई हे ठणकावून सांगत होती. त्याचं मोल आजच्या मापाने मोजता येत नाही.

त्याच दशकात आलेल्या एका पुस्तकाने मात्र मराठी घरांत पालकत्वाच्या पुस्तकाची जागाच पटकावली. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी 1933 मध्ये पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहिलं, 1935 मध्ये ते छापून आलं. त्यातल्या 42 ‘रात्री’, म्हणजे प्रकरणं, मोहोळसारख्या गावांतल्या शाळांत, वाचनालयांत, बक्षीस समारंभांत वाटल्या गेल्या, वाचल्या गेल्या. पुस्तकाचा वापर मात्र बहुधा उलटा झाला. बघ श्याम कसा होता, असं मुलाला ऐकवायला मोठ्यांनी ते हाती घेतलं. नीट वाचलं तर त्यात श्याम सतत चुकतो आणि आई त्या चुकीपाशी बसते. ते वाचायचं आहे आईबापांनी. मुलांना देऊन मोकळं होण्यासाठी ते लिहिलेलं नाही.

ताराबाईंचं काम शहरात अडलं नाही, ही आणखी मोठी गोष्ट. दादरच्या शिशुविहारनंतर 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी पाड्यांत काम उभं राहिलं. तिथे आईबापांना पुस्तक देऊन उपयोग नव्हता, वाचता येत नव्हतं. मूल बालवाडीत येत नाही, तर बालवाडी त्याच्या अंगणात न्यायची; तिथे शेण थापता थापता आई बघेल, तिला कळेल, ती विचारेल. पालकशिक्षणाची ही बिनपुस्तकी पद्धत होती. 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, आणि हळूहळू अंगणवाडी देशभर पोचली. आज मोहोळ तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर अंगणवाडीताई वजनाचा तक्ता दाखवत आईशी बोलते, तेव्हा त्या बोलण्याच्या पाठीमागे बोर्डी-कोसबाड आहे.

वाचणाऱ्या घरांकडे पुस्तकाआधी मासिक आलं. 1930 मध्ये किर्लोस्करांनी ‘स्त्री’ सुरू केलं आणि पोस्टमनच्या पिशवीतून ते आडगावांतही जाऊ लागलं. मासिकाचा गुण असा की त्याला पत्र लिहिता येतं आणि पुढच्या अंकाची वाट पाहता येते. एकट्या पडलेल्या आईला पुस्तकापेक्षा याची गरज जास्त असते.

1980 च्या दशकात या क्षेत्रात एकदम हालचाल झाली. कुटुंबं लहान झाली होती, टीव्ही घरात आला होता, इंग्रजी माध्यमाची ओढ आणि टक्क्यांची धास्ती वाढत होती. 1985 मध्ये कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं आणि त्या अनुभवावर पुस्तकं लिहिली. त्याच सुमारास पुण्यात सारसबागेजवळ गरवारे बालभवन निघालं. शोभा भागवतांनी तिथे मुलांबरोबर पालकांनाही बोलतं केलं, आणि त्यांचं ‘आपली मुलं’ हे पुस्तक अनेक मराठी घरांत शिरलं. त्यात उपदेशकाचा आव नाही, शेजारच्या जाणत्या बाईने समोर बसून बोलावं तसं ते आहे. 1987 मध्ये संजीवनी कुलकर्णींनी ‘पालकनीती’ हे मासिक सुरू केलं. फक्त पालकत्वाला वाहिलेलं मासिक मराठीत तीन दशकांहून अधिक काळ चालावं, ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. शिक्षा, स्पर्धा, लैंगिक शिक्षण, जात, भाषा, असे घरात टाळले जाणारे विषय त्याने घरात आणले. तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या मराठीत आलं आणि शाळेतून काढून टाकलेल्या एका जपानी मुलीची गोष्ट मराठी आईबापांनी आपल्या पोराची म्हणून वाचली.

पण ही सगळी नावं पुण्या-मुंबईची, फार तर कोल्हापूरची. मोहोळ पुणे-सोलापूर हमरस्त्यावर आहे. लांबोटीचा चिवडा घ्यायला गाड्या थांबतात, पुस्तकांची खोकी थेट सोलापूरला जातात. तालुक्याच्या गावात पुस्तक पोचायचा खात्रीचा मार्ग म्हणजे सार्वजनिक वाचनालय. त्यासाठी 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आहे. अ, ब, क, ड असा वर्ग ठरतो, त्यानुसार अनुदान मिळतं, त्यातून ग्रंथखरेदी होते. कायदा चांगला आहे. पण काय खरेदी करायचं हे वाचक मागतात त्यावर ठरतं. आणि वाचनालयात पुस्तक बदलायला येणाऱ्यांत तीन-चार वर्षांच्या मुलाची दमलेली आई क्वचितच असते. म्हणून कादंबऱ्यांची कपाटं भरतात आणि पालकत्वाचं पुस्तक कुणी मागत नाही. दुकानांतही जन्माआधीच्या सल्ल्याला मोठी मागणी आहे, डॉ. बालाजी तांबे यांचं गर्भसंस्कारावरचं पुस्तक प्रचंड खपलं. मूल नववीत जाऊन दार लावून बसायला लागतं, तेव्हाच्या पुस्तकांना एवढी मागणी नाही.

पुस्तक न पोचण्याच्या या अडचणीवर सोलापूर जिल्ह्याने आपल्या परीने वाट काढलेली आहे. मोहोळला लागून माढा तालुका. तिथल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याहून कमी बोललं गेलं ते त्यांच्या संध्याकाळच्या गजराबद्दल: सातला गजर वाजला की घरोघरी टीव्ही बंद करायचा आणि आईबापांनी मुलाजवळ बसायचं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 मध्ये असाच भोंगा लावला, त्यात मोबाइलही आला. पुस्तकात वाचून एकट्या घराला जे जमत नाही, ते अख्ख्या गावाने एका वेळी केलं की जमतं. आपल्याच घरी टीव्ही बंद असला तर पोरगं शेजारी जातं. सगळीकडे बंद असला तर ते बसतं.

दोन घरांपर्यंत मात्र अजून काहीच धड पोचलेलं नाही. मोहोळ तालुका उजनीच्या पाण्यावर उसाचा झाला, कारखाने उभे राहिले आणि हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडू लागल्या. पहाटे फडात जाणारी आई तान्ह्याला उसाच्या सावलीत झोपवते आणि मोठीला त्याच्याजवळ बसवते. या मुलांसाठी साखरशाळा आल्या, काही टिकल्या, काही बंद पडल्या. या आईला पुस्तक नको आहे, पाळणाघर हवं आहे.

दुसरं घर ज्याचं मूल वेगळं आहे त्याचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारची अपंगत्वं मानली, त्यांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत. ‘तारे जमीन पर’ 2007 मध्ये आला तेव्हा डिस्लेक्सिया हा शब्द खेड्यापर्यंत गेला. पण तीन वर्षांचं मूल बोलत नाही, नजर देत नाही, तेव्हा मोहोळमधल्या बापाला पहिल्यांदा ऐकायला मिळतं ते म्हणजे, मुलं उशिरा बोलतात, थांबा. मग देवस्की, मग सोलापूर, मग पुणे. आणि या फेऱ्यांत मौल्यवान वर्षं जातात. अशा घरासाठी साध्या मराठीत लिहिलेलं, पहिल्या दिवसापासून काय करायचं ते सांगणारं लेखन अगदी थोडं आहे, आणि जे आहे ते मोठ्या शहरांत काम करणाऱ्या संस्थांच्या आसपासच फिरतं. गिजुभाई आणि ताराबाईंनी हट्टी मुलाच्या बाजूने जे लिहिलं, ते या मुलांच्या बाजूने लिहिणं बाकी आहे.

जुनं जे चांगलं आहे ते मिळवणं आता अवघड नाही. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर गिजुभाईंची आणि इतर अनेकांची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात, ‘पालकनीती’चे जुने अंक इंटरनेटवर वाचता येतात. शाळेच्या पालकसभेत गुणपत्रकं वाटून झाल्यावर एका शिक्षिकेने त्यातली चार पानं मोठ्याने वाचली, तर ज्यांना वाचता येत नाही तेही ऐकतील. वाचनालयाच्या मागणीवहीत दहा पालकांनी एकाच पुस्तकाचं नाव लिहिलं, तर पुढच्या ग्रंथखरेदीच्या यादीत ते येऊ शकतं.