निळी कोंबडी आणि ‘टाकाऊ’ पिल्लं

मागच्या व्याख्यानात आपण मेंडेलच्या वाटाण्यांपाशी थांबलो होतो. १८६६ साली छापलेला त्याचा निबंध जवळजवळ दुर्लक्षित राहिला आणि १९०० साली पुन्हा उजेडात आला, इथपर्यंत. आज आपण वाटाण्यांकडून कोंबड्यांकडे जाऊ. कारण मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, याचे अगदी सुरुवातीचे पुरावे कोंबड्यांनी दिले.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्याने कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. १८४० च्या दशकात चीनमधून मोठ्या अंगाच्या, पायांवर पिसं असलेल्या कोंबड्या तिथे पोचल्या आणि लोकांना कोंबड्या पाळायचं, प्रदर्शनात मांडायचं जणू वेडच लागलं. मग नियम आले. १८६५ साली जातींची पहिली प्रमाणपुस्तिका निघाली: तुरा कसा हवा, पिसांचा रंग कसा हवा, सगळं ठरलेलं. त्यात बसेल तो पक्षी चांगला, बाकीचे बाद.

या हौशी मंडळींची एक लाडकी कोंबडी म्हणजे निळी आंदालुसियन. निळी म्हणजे आकाशी नव्हे. पाटीसारखा निळसर राखाडी रंग आणि पिसांना गडद कड. पण ही कोंबडी पाळणाऱ्यांची एक कायमची डोकेदुखी होती. निळा कोंबडा आणि निळी कोंबडी यांची जोडी लावली, तरी सगळी पिल्लं निळी होत नसत. काही काळी निघत, काही पांढुरकी, अंगावर निळसर-काळे शिंतोडे असलेली. पिढ्यान्‌पिढ्या उत्तमातले उत्तम निळे पक्षी निवडले, तरी तेच. या काळ्या-पांढुरक्या पिल्लांना टाकाऊ ठरवून पैदाशीतून बाजूला काढलं जाई.

आता बघा, केंब्रिजचे विल्यम बेटसन इथे येतात. त्यांनी आणि पुढे त्यांचे सहकारी रेजिनाल्ड पनेट यांनी ही पिल्लं मोजली. निळ्या जोडीची १०० पिल्लं घेतली, तर साधारण २५ काळी, ५० निळी, २५ शिंतोड्यांची. हा तर मेंडेलचाच हिशोब! काळ्या रंगाला फिकट करणारा एक घटक आहे. तो एकाच पालकाकडून आला तर पिल्लू निळं, दोघांकडून आला तर शिंतोड्यांचं, आणि आलाच नाही तर काळं.

मग गंमत अशी, की टाकाऊ काळा आणि टाकाऊ शिंतोड्यांचा अशी जोडी लावली, तर सगळीच्या सगळी पिल्लं निळी! निळ्या जोडीपेक्षा दुप्पट. म्हणजे ज्यांना बाद ठरवलं, तेच खरे शुद्ध. काळ्यांना काळी होतात, शिंतोडेवाल्यांना शिंतोडेवाली. आणि जिला बक्षिसं मिळत होती, ती निळी मात्र कायमची संकरित. तिला ‘शुद्ध’ करणं कुणाच्याही हातात नव्हतं.

आम्हाला या गोष्टीत मोलाचं वाटतं ते हे. पाळणाऱ्यांची नजर कच्ची नव्हती. पक्षी त्यांनी बेटसनपेक्षा कितीतरी जास्त हाताळले होते. चुकली ती समजूत: जे आपल्याला हवं तेच शुद्ध, आणि नको ते भेसळ.

ही समजूत तपासायला आपल्याला इंग्लंडलाच जायची गरज नाही. सगळ्या पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या, असं डार्विनने १८६८ साली मांडलं. ते बरंचसं खरं आहे. पण २००८ साली जनुकीय अभ्यासातून कळलं, की अनेक कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलं आहे. तोच, जो आपल्या सह्याद्रीच्या जंगलात पहाटे आरवतो. तेव्हा अस्सल, निर्भेळ कोंबडी शोधायला निघालो, तर मुळापाशीच आपल्याला संकर भेटतो.

पुढच्या वेळी आपण पनेट यांच्याकडे वळू: एका दिवसाच्या पिल्लाचा रंग बघून नर-मादी कसं ओळखायचं, ते पाहू.