कागदावर नसलेलं कारण

धोट्यात नवी कांडी बसवली की सुताचं टोक धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावं लागे. कामगार धोटा ओठांना लावी, जोरात श्वास ओढी, सूत तोंडात येई आणि साचा, म्हणजे माग, पुन्हा चालू होई. या एवढ्याशा श्वासावरून मुंबईच्या गिरण्यांत पिढ्यान्‌पिढ्या जात पाळली गेली. धोट्याला आज एकाचं तोंड लागणार, उद्या दुसऱ्याचं. तेव्हा अस्पृश्यानं साचाखात्यात पाऊल ठेवायचं नाही. चांगला पगार मात्र साच्यावरच. आमच्या माणसांच्या वाट्याला सूत कातायचं रिंग खातं.

आजोबा रिंग खात्यातले. जॉबर कुणाच्या गावचा, पाण्याचा माठ कुणाचा वेगळा, बदलीवाल्यांत कुणाला आधी हाक, सगळं ते खुलासेवार सांगत. पण त्यांच्या दोस्ताची हकिगत आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. वरळीच्या बीडीडी चाळीत ते शेजारच्या खोलीत राहत. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. तरुणपणी तात्या दुसरं आडनाव लावून साच्यावर लागले. हात चलाख, दोन साचे सहज सांभाळत. गोष्ट चाळीसच्या दशकातली. एके दिवशी गिरणीच्या पत्त्यावर गावाहून त्यांच्या नावे पोस्टकार्ड आलं. वर ठसठशीत अक्षरांत ‘जयभीम’. जॉबरनं ते वाचलं आणि दुसरी पाळी लागेपर्यंत खातंभर झालं. कुणी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. त्या आठवड्यापासून खराब कापड तात्यांच्याच नावावर निघू लागलं, दंड पडू लागला, आणि महिना भरायच्या आत हातात कागद आला: कामात हयगय.

तो कागद मी पाहिला आहे. तात्यांनी तो पत्र्याच्या पेटीत जपला होता. घडीवर झिजलेला, खाली गिरणीचा जांभळा शिक्का. त्यात जात कुठंच नाही. आजी म्हणायची, “अगं, तसं लिहून द्यायला ते काय खुळे होते?”

तात्यांच्याही आधी, १९२८च्या संपात सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने बाहेर होते. साचाखातं अस्पृश्यांना खुलं करा ही मागणीही संपाच्या मागण्यांत घाला, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धरला. युनियनच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीनंच घेतली. पुढं फेब्रुवारी १९३८मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचं बजावलं. रेल्वेत अस्पृश्याला पोर्टर म्हणून का घेत नसत, याचं कारणही त्यांनी तिथं उघड केलं: पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम करावं लागे.

मला संताप येतो तो आणखी एका गोष्टीचा. तोंडानं सूत ओढायच्या धोट्यातून क्षयासारखे रोग पसरतात, या भीतीनं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११मध्येच त्याला कायद्यानं मनाई केली होती. हातानं ओवता येणारा धोटा तेव्हा मिळत होता. तो इथं आला असता तर साचेवाल्याचा जीवही जपला गेला असता आणि विटाळाचं निमित्तही उरलं नसतं. पण इथं तोंड कुणाचं, एवढाच प्रश्न होता.

वडिलांच्या वेळेपर्यंत धोट्याचा प्रश्न मागं पडला आणि छातीचा पुढं आला. ते ब्लो रूममध्ये, म्हणजे कापसाच्या गाठी फोडून पिंजतात त्या खात्यात. तिथून घरी आले की भुवयांवर, कानाच्या पाळीवर पांढरी लव बसलेली असायची. आई ओल्या फडक्यानं ती पुसायची. रविवारी त्यांना बरं वाटे. सोमवारी खात्यात शिरले की छाती आवळून येई. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसची हीच खूण, सुट्टीनंतरचा पहिला दिवस सगळ्यात वाईट. कायद्यातल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत हा रोग आहे. वडिलांच्या केसपेपरवर मात्र नुसतं ‘दमा’.

ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, आजारपणाचा भत्ता चालू असेपर्यंत कामगाराला काढता येत नसे. वडिलांचा भत्ता संपला आणि कागद आला: सततच्या आजारपणामुळं सेवा समाप्त. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यानं असं काढणं ‘कामगार कपाती’च्या व्याख्येबाहेर ठेवलेलं, त्यामुळं कपातीची नुकसानभरपाईही नाही. तात्यांच्या कागदात जात लपवली होती. वडिलांच्या कागदात आजार लिहिला होता, धूळ नव्हती. दाद मागायची तर मुंबईच्या गिरणी कामगाराला आधी मालकाला पत्र द्यावं लागे, तेही तीन महिन्यांच्या आत, मग कामगार न्यायालय. वडिलांना तेव्हा चाळीचा जिना चढताना दोनदा थांबावं लागे. मुदत अशीच गेली. आई एका वकिलाकडं जाऊन आली. त्यांनी विचारलं, “धुळीमुळंच झालं, याला पुरावा काय?”

पुराव्याच्या अशाच प्रश्नावर, पर्सी ग्रीन या कृष्णवर्णीय मेकॅनिकच्या खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७३मध्ये एक रीत घालून दिली. भेदभाव झाल्याचं कामगारानं सकृद्दर्शनी दाखवलं की मालकानं आपलं कारण सांगायचं, आणि ते कारण निव्वळ बहाणा आहे हे दाखवून द्यायची संधी कामगाराला मिळायची. तात्यांना अशी संधी मिळाली असती, तर त्यांच्या खात्यावर पोस्टकार्डाच्या आधी खराब कापड किती आणि नंतर किती, एवढं विचारूनच गिरणीची तारांबळ उडाली असती.

आपल्याकडं १९९५च्या आणि पुढं २०१६च्या कायद्यानं ठरवलं, की नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून माणसाला काढायचं नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं. पण हे बंधन सरकारी आस्थापनांवर. राज्यघटनेचं १६वं कलमही सरकारी नोकरीपुरतं. आजोबा, तात्या, वडील तिघंही खासगी गिरणीतले. पुराव्याचं ओझं अशा कामगाराच्या डोक्यावरून काढून मालकाच्या डोक्यावर ठेवायला हवं. दंडाची वही, हजेरीपट, खात्यातल्या धुळीच्या नोंदी, सगळं त्याच्याच कपाटात असतं आणि किल्लीही त्याच्याचकडं असते.