नियम बदलतो तेव्हा

कोणत्याही खेळाचा नियम बदलला की शौकिनांच्या गप्पांना ऊत येतो. 'आता खेळात राम उरला नाही' असे एक म्हणतो. दुसरा कोणत्या संघाचे फावले याचा हिशेब मांडतो. फॉर्म्युला वन या मोटारशर्यतीत तर हा वाद पाचवीलाच पुजलेला. 'फॉर्म्युला' म्हणजेच मुळी सर्वांनी पाळावयाची नियमसंहिता. अशा वादांपैकी १९६१ सालचा एक वाद आज तपासून पाहू.

१९५५ साली फ्रान्समधील ल मां येथील शर्यतीत एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. वेगाला लगाम घातला पाहिजे, असा विचार त्यानंतर बळावला. १९५८ साली लंडन येथे घोषणा झाली की, १९६१ पासून फॉर्म्युला वनचे इंजिन २५०० ऐवजी १५०० घनसेंटिमीटरच असावे. इंग्रज मंडळी खवळली. १९५८ साली व्हॅनवॉल आणि पुढील दोन वर्षे कूपर अशी संघांची विजेतेपदे त्यांच्याकडेच होती. नियम मागे घेतला जाईल या आशेवर त्यांनी वेळ दवडला. मोठ्या इंजिनांसाठी निराळ्या शर्यतीही काढून पाहिल्या, पण त्या एका वर्षातच आटोपल्या. इटलीच्या फेरारीने मात्र लहान इंजिनाची तयारी आधीपासूनच चालविली होती. १९६१ च्या आठ शर्यतींपैकी पाच फेरारीने जिंकल्या. तरीही मोनाको येथे स्टर्लिंग मॉसने कमी शक्तीच्या लोटस गाडीतून फेरारीवर मात केली. नियमाने इंजिन लहान झाले तरी चालकाचे कसब लहान झाले नव्हते.

परंतु ज्यासाठी हा खटाटोप, त्या जीवरक्षणाचे काय झाले? १० सप्टेंबर १९६१ रोजी माँझा येथे फेरारीचा व्होल्फगांग फॉन ट्रिप्स आणि लोटसचा जिम क्लार्क यांच्या गाड्या एकमेकींना भिडल्या. फेरारी बांधावर चढून प्रेक्षकांवर आदळली. फॉन ट्रिप्स आणि पंधरा प्रेक्षक प्राणास मुकले. इंजिन लहान झाले होते. पण प्रेक्षक कुंपणालगतच उभे होते आणि चालकाला आसनाशी बांधणारा पट्टा नव्हता. विजेतेपद त्याच संघाच्या फिल हिलला मिळाले, तेही अशा सुतकात.

नियमाचा लाभही फार काळ टिकला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस मुख्य अभियंता कार्लो किती आणि संघव्यवस्थापक रोमोलो ताव्होनी यांच्यासह अनेक प्रमुख माणसे फेरारीतून बाहेर पडली. १९६२ साली फेरारीला एकही शर्यत जिंकता आली नाही. बाहेर पडलेल्यांनी काढलेल्या एटीएस संघाला १९६३ साली एकही गुण मिळाला नाही. घर फुटले आणि दोन्ही चुली थंडावल्या! फेरारीची धुरा माउरो फोर्गिएरी या सव्वीस वर्षांच्या तरुणावर आली आणि १९६४ साली जॉन सर्टीजने त्या संघाला पुन्हा विजेतेपद मिळवून दिले.

१९६६ साली इंजिनाची मर्यादा ३००० घनसेंटिमीटर झाली आणि ज्या आकड्यासाठी एवढे रण माजले तो इतिहासजमा झाला. परंतु १९६१ च्या त्याच संहितेत एक साधे कलम होते: गाडी उलटल्यास डोके वाचावे म्हणून चालकामागे लोखंडी कमान हवी. त्या कमानी प्रारंभी तकलादू होत्या. पण ते कलम टिकले, वाढले. २०१८ साली चालकाच्या डोक्याभोवती 'हॅलो' नावाचे टायटॅनियमचे कडे सक्तीचे झाले, तेव्हा 'गाडीचे रूप बिघडले' अशी ओरड शौकिनांनी केली. रोमां ग्रोजां हा चालकही त्याच्या विरोधात होता. २०२० साली बहरीन येथे त्याची गाडी कठडा भेदून दुभंगली, पेटली. आणि त्या कड्यामुळेच तो ज्वाळांतून आपल्या पायांनी बाहेर आला.

नव्या नियमाने कोण जिंकेल, ही चर्चा शौकिनांनी जरूर करावी. तिच्यातच खेळाची गोडी आहे. मात्र नियमाची पारख करताना, त्याने किती माणसे शर्यतीनंतर सुखरूप घरी जातील, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.