कालच्या पोराने चीत केल्यावर

उभा राहा पहिलवान, हौद्याच्या अगदी कडेला. साल 1977, गाव बेळगाव. हलगी कडाडतेय. माती तेल-ताक पिऊन मऊ झालीय. मूठभर उचललीस तर हळदीचा वास येईल. काटोलच्या दंगलीत कालच्या पोराने तुझी पाठ टेकवली, तेव्हापासून तू आखाड्याकडे फिरकला नाहीस, म्हणून तुला इथवर आणलंय.

तो बघ दिल्लीचा सतपाल. बाविशीच्या घरातला, गुरू हनुमानांचा पठ्ठा, अंगापिंडाने दांडगा. त्याच्यापुढे लातूरकडच्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार, 1969 चे महाराष्ट्र केसरी. 1970 ला एडिनबरोहून राष्ट्रकुलचं सुवर्ण आणलं, पण ते मधल्या वजनात. हाडपेर बघून तूही सतपालवरच पैज लावशील.

सलामी झडते. मनगटं पकडली जातात, मानेवर पंजे पडतात. भारी गड्याचं दुखणं तुला वेगळं सांगायला नको: खडाखडी लांबली की आपलंच वजन आपला दम खातं.

आणि सतपाल चीत! लोक उसळून हौद्यात घुसतात. तू मात्र त्या पाठीकडे बघ, दोन्ही खवाट्यांवर लाल मातीचे ठसे आहेत.

संपला म्हणतोस? चल पुढे. 1978, बँकॉक: आशियाई रौप्य. 1982, दिल्ली: शंभर किलोत सुवर्ण. बेळगावची हार त्याने पचवली, कारण हाताशी वय होतं.

तुझी पस्तिशी उलटलीय. म्हणून मला वाटतं, तू हरलेल्यापेक्षा जिंकलेल्याच्या मागे जावंस. पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत ये. बिराजदार आता स्वतः कुस्ती मारत नाहीत, पोरांकडून मारून घेतात. त्यांतलाच राहुल आवारे. 2011 ला बिराजदार वस्ताद वारले. 2018 ला गोल्ड कोस्टला राहुलने 57 किलोत राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलं आणि वस्तादांना वाहिलं. सतपालही पोरं घडवायच्या वाटेने गेला. छत्रसाल स्टेडियमवर त्याच्या हाताखाली घडलेल्या सुशील कुमारने 2008 ला ऑलिंपिकचं कांस्य आणलं, 2012 ला रौप्य.

आता काटोल. गुडघा रात्री ठणकतो, खांदा पूर्वीसारखा चार दिवसांत भरून येत नाही. मेहनत सुटली आणि बदाम-तूप तसंच चालू राहिलं की साखर न् रक्तदाब मागे लागतात. असे खचलेले पहिलवान गावोगाव आहेत आणि त्यांना बघून जीव तुटतो. खुराक आजपासून कमी कर. लढायचंच तर अजून एक हंगाम लढ, पण जोड बघून, इनामाचा आकडा बघून नको. आणि उद्या पहाटे आखाड्यावर जा. ज्या पोराने तुला पाडलं, त्याचा पट काढताना डावा पाय मागे उघडा राहतो. तू खालून बघितलास तो. त्याला हे सांगायला तिथे दुसरं कोण आहे?