तिसरी किल्ली : क्लिपर चिपपासून पेगॅससपर्यंत (धागा)

१/
१६ एप्रिल १९९३ रोजी व्हाइट हाउसने एका चिपची घोषणा केली. तिचे नाव क्लिपर. ही चिप टेलिफोनला जोडली की संभाषण कूटबद्ध होणार होते, म्हणजे वाटेत कान लावून बसलेल्याला निरर्थक खरखरीपलीकडे काही ऐकू येणार नव्हते. मात्र प्रत्येक चिपची एक किल्ली सरकारकडे जमा राहणार होती. बोलणारा एक, ऐकणारा दुसरा आणि तिसरे सरकार. आपले फोन आणि संगणक सरकारच्या छुप्या कानापासून कसे राखावेत, हा वाद आजही या तिसऱ्या किल्लीभोवतीच फिरतो आहे. हा धागा तिच्याविषयी.

२/
कूटलेखन ही शतकानुशतके दरबारांची आणि लष्करांची मिरास होती. त्याला एक व्यावहारिक कारण होते. संदेश कुलूपबंद करून पाठवायचा, तर त्याची किल्ली आधी पलीकडच्या माणसापर्यंत सुखरूप पोचली पाहिजे. विश्वासू जासूद, मोहोरबंद थैल्या, वकिलातींतील तिजोऱ्या हा पसारा राज्यसंस्थेलाच परवडणारा.

नोव्हेंबर १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांच्या निबंधाने ही अडचण दूर केली. कुलपे सर्वांना खुशाल वाटावीत, किल्ली मात्र आपल्याच कमरेला असावी, अशी ती कल्पना. कोणीही आपले कुलूप लावून निरोप धाडील. उघडता येईल तो फक्त आपल्याला. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शामिर आणि ॲडलमन या तिघांनी तिला गणिताचे वापरण्याजोगे रूप दिले.

(ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेतील गणितज्ञांना हेच काही वर्षे आधी सुचले होते. ते १९९७ पर्यंत गुप्त राहिले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी बंद दप्तरे फार छळतात.)

३/
त्याच सुमारास, १९७७ मध्ये, अमेरिकन सरकारने डीईएस हे कूटलेखनाचे प्रमाण जाहीर केले. त्याची किल्ली ५६ बिटांची होती. ती मुद्दाम आखूड ठेवली आहे, पुरेसा पैसा असलेली संस्था सर्व शक्यता तपासून ती शोधून काढील, असे डिफी आणि हेलमन तेव्हाच बजावत होते. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने अडीच लाख डॉलरांहून कमी खर्चात यंत्र बांधले आणि ५६ तासांत किल्ली शोधून दाखवली. एका स्वयंसेवी संस्थेला जे जमले, ते एनएसएला केव्हापासून जमत असेल, हा प्रश्न मग कोणी विचारायचा राहिला नाही.

४/
१९९१ च्या आरंभी अमेरिकन सिनेटमध्ये एक विधेयक आले. संदेशवहनाच्या साधनांनी सरकारला मूळ मजकूर मिळवून देण्याची सोय ठेवावी, अशी अपेक्षा त्यातील एका कलमात होती. विधेयक मांडणारे सदस्य होते जो बायडन. ते कलम पुढे गळाले. पण कोलोरॅडोतील बोल्डर येथे राहणाऱ्या फिल झिमरमन या प्रोग्रॅमरने ते मनावर घेतले होते. अण्वस्त्रविरोधी चळवळीत वावरल्यामुळे सरकारी पाळतीची चिंता त्याला पुस्तकी वाटत नव्हती. कायदा होण्याआधीच साधन लोकांच्या हाती पडावे म्हणून त्याने जून १९९१ मध्ये पीजीपी, म्हणजे 'प्रिटी गुड प्रायव्हसी', हा प्रोग्रॅम फुकट वाटला. घरातल्या संगणकावर चालणारे आणि राज्यसंस्थेलाही फोडता येऊ नये इतके भक्कम कूटलेखन प्रथमच सामान्य माणसाला मिळाले.

५/
प्रोग्रॅम अर्थातच देशाबाहेर गेला. अमेरिकन कायद्यानुसार भक्कम कूटलेखन तेव्हा युद्धसामग्रीच्या यादीत होते. परवान्याविना त्याची निर्यात म्हणजे शस्त्रांची निर्यात. १९९३ मध्ये झिमरमनची फौजदारी चौकशी सुरू झाली.

यानंतरची युक्ती मला या सगळ्या इतिहासात सर्वाधिक आवडते. फ्लॉपीवरचा प्रोग्रॅम शस्त्र ठरत असेल, पण पुस्तकाला राज्यघटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण होते. म्हणून १९९५ मध्ये पीजीपीचा संपूर्ण सोर्स कोड एमआयटी प्रेसने चक्क ग्रंथरूपाने छापला. १९९७ मध्ये पुढच्या आवृत्तीचे छापील खंड रीतसर युरोपात नेण्यात आले आणि नॉर्वेत ती हजारो पाने स्कॅन करून त्यांतून पुन्हा प्रोग्रॅम उभा करण्यात आला. छपाईची कला येऊन साडेपाचशे वर्षे झाली होती, तरी सेन्सॉरला चकवण्याचे तिचे सामर्थ्य उणावले नव्हते. झिमरमनवरील चौकशी जानेवारी १९९६ मध्ये आरोपपत्राविनाच बंद झाली होती.

६/
आता क्लिपरकडे वळू. एटी अँड टी कंपनीने १९९२ मध्ये फोनला जोडून संभाषण कूटबद्ध करणारी एक पेटी तयार केली आणि सरकार धास्तावले. अपहरण, मादक द्रव्ये, दहशतवाद यांच्या तपासात न्यायालयाच्या परवानगीने फोन ऐकणे हे पोलिसांचे जुने साधन. ते बोथट होईल हा युक्तिवाद खोटा नव्हता. मग तोडगा निघाला तो असा : कूटलेखन भक्कमच द्यायचे, पण एनएसएने घडवलेल्या चिपमधून. प्रत्येक चिपच्या किल्लीचे दोन तुकडे करून ते दोन वेगळ्या सरकारी कार्यालयांत ठेवायचे आणि वैध आदेश आला तरच जोडायचे. सक्ती नाही, फक्त प्रोत्साहन. कंपनीने आपल्या पेटीत हीच चिप वापरण्याचे मान्य केले.

७/
चिपच्या आत स्किपजॅक नावाची पद्धत होती आणि ती गुप्त होती. तज्ज्ञांचा पहिला आक्षेप यावरच आला.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. मोडी ही गुप्तलिपी होती, असे पुष्कळांना वाटते. ती गुप्त नव्हती. भरभर लिहिण्याची रोजच्या व्यवहारातली लिपी होती. ज्याला वाचता येत नाही त्याला ती गूढ वाटते, आणि सहा महिने चिकाटीने शिकले की गूढ संपते. केवळ पद्धत ठाऊक नसल्यामुळे मिळणारे संरक्षण एवढेच टिकते. ऑगस्ट केरखॉफ्स याने १८८३ मध्येच लिहून ठेवले होते की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित असावे ते फक्त किल्लीत. क्लिपरने पद्धत झाकली आणि किल्ली वाटून टाकली.

८/
१९९४ मध्ये एटी अँड टीच्याच बेल प्रयोगशाळेतील मॅट ब्लेझ या संशोधकाने त्यातली फट दाखवली. संभाषण सुरू होताना चिप एक छोटे पाकीट पाठवी. त्या संभाषणाची किल्ली सरकारला उघडता येईल अशा रीतीने त्यात बंद केलेली असे. पलीकडची चिप पाकीट तपासून मगच काम सुरू करी. पण ही तपासणी अवघ्या १६ बिटांची, म्हणजे ६५,५३६ शक्यतांची होती. ब्लेझने काय केले? निरर्थक पाकिटे एकामागून एक देत राहिला. साधारण पाऊण तासात त्यांतले एखादे तपासणीतून निसटे. कूटलेखन मग उत्तम चाले, आणि सरकारच्या हाती येई तो निव्वळ कचरा.

जून १९९४ मध्ये ही बातमी न्यू यॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. क्लिपर त्या एका बातमीने मेला असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे. परदेशी ग्राहक वॉशिंग्टनकडे किल्ली असलेला फोन का घेतील, हे उद्योगांना आधीच उमगले होते. चिप कोणी घेतली नाही आणि १९९६ पर्यंत प्रकरण संपले. जानेवारी २००० मध्ये निर्यातीवरील बंधनेही बऱ्याच अंशी सैल झाली.

९/
पण ऑक्टोबर १९९४ मध्येच, क्लिपरच्या गदारोळात, अमेरिकेत कॅलिया नावाचा कायदा मंजूर झाला होता. टेलिफोन कंपन्यांनी आपल्या यंत्रणेतच सरकारला ऐकण्याची सोय बांधून द्यावी, असे तो सांगतो. इतर देशांनीही हाच मार्ग धरला.

आपल्या गडांना चोरदरवाजे असतात. त्यांची जागा गडावरच्या मोजक्या माणसांना ठाऊक असे आणि त्यांच्या निष्ठेवर गडाची सुरक्षा उभी असे. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये बसवलेल्या चोरदरवाज्याचा नकाशा मात्र यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या कागदपत्रांत असतो आणि तेच यंत्र अनेक देशांना विकले जाते.

१०/
अथेन्समध्ये काय घडले ते पाहा. व्होडाफोनच्या ग्रीक कंपनीने बसवलेल्या एरिक्सनच्या एक्स्चेंजमध्ये कायदेशीर श्रवणाचे सॉफ्टवेअर एका अपडेटबरोबर आले होते. ते चालवायला लागणारी नियंत्रणाची बाजू कंपनीने विकतही घेतली नव्हती. म्हणजे दरवाजा होता, पहारेकरी नव्हता. २००४ च्या ऑलिम्पिकच्या सुमारास अज्ञात मंडळींनी आत शिरून तो गुपचूप उघडला. पंतप्रधान कोस्तास करामानलिस, काही मंत्री आणि इतर अशा १०० हून अधिक फोनांवरील संभाषणांच्या प्रती प्रीपेड मोबाइलवर वळवल्या जाऊ लागल्या. हे कित्येक महिने चालले. उघडकीला आले ते काही एसएमएस पोचेनात म्हणून, तांत्रिक बिघाड शोधता शोधता. घुसखोर सॉफ्टवेअर सापडताच कंपनीने ते काढून टाकले. त्यामुळे ऐकणाऱ्यांना सुगावा लागला आणि माग बुजला. ग्रीक जनतेला ही हकीकत फेब्रुवारी २००६ मध्ये कळली.

एका सरकारसाठी ठेवलेल्या सोयीतून दुसऱ्याच कोणीतरी त्याच सरकारचे बोलणे ऐकले.

११/
जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन याने उघड केलेल्या कागदपत्रांनी पाळतीची व्याप्ती जगापुढे आली. गूगलच्या माहितीकेंद्रांना जोडणाऱ्या खासगी तारांवरही कान लावला गेल्याचे त्यांत दिसले. परिणाम उलटा झाला. कंपन्यांनी तारा कूटबद्ध केल्या, २०१४ पासून आयफोनमधील मजकूर इतका बंदिस्त झाला की ॲपललाही तो काढून देता येईना, आणि एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने सर्व संभाषणे दोन टोकांपर्यंत कूटबद्ध केल्याचे जाहीर केले. झिमरमनच्या काळी मूठभर हौशी माणसे जे करत, ते आता आपल्या आजीच्या सुप्रभात संदेशालाही न मागता मिळू लागले.

१२/
वाट बंद झाली, तेव्हा ऐकणारे टोकाकडे वळले. संदेश वाटेत कितीही कुलूपबंद असला तरी वाचण्यासाठी तो फोनवर उघडावाच लागतो. फोनच ताब्यात घेतला तर किल्ली हवी कशाला?

ऑगस्ट २०१६ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना एक एसएमएस आला. त्यांनी त्यातील दुव्यावर बोट न ठेवता तो टोरंटो विद्यापीठातील सिटिझन लॅबकडे पाठवला. आयफोनमधील तोवर अज्ञात असलेल्या तीन त्रुटी जोडून फोन काबीज करण्याची योजना त्यामागे होती. हेच ते इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे पेगॅसस. ॲपलने लगोलग दुरुस्ती पाठवली. मन्सूर यांना पुढे तुरुंगवास झाला.

दुव्यावर बोट ठेवण्याचीही गरज पुढे उरली नाही. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपच्या कॉलमधील त्रुटीतून सुमारे १,४०० जणांचे फोन लक्ष्य झाले. कॉल उचलला नाही तरी चाले. लक्ष्य झालेल्यांत भारतातील पत्रकार, कार्यकर्ते आणि वकील होते; नागपूरचे एक वकीलही. एनएसओचे म्हणणे असे की आपण हे साधन केवळ सरकारांना विकतो.

१३/
भारतातील कायद्याचा वारसा वसाहतकालीन आहे. सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेश अडवण्याचा अधिकार १८८५ च्या तार अधिनियमाच्या कलम ५ ने सरकारला दिला. तो कसा वापरावा याची कार्यपद्धती स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ ठरलीच नाही. १८ डिसेंबर १९९६ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ती आखून दिली. आदेश गृहसचिवाचा हवा, मुदत दोन महिने, वाढवली तरी एकूण सहा महिन्यांच्या आत, आणि वर पुनर्विलोकन समिती. पण त्या समितीतही शासनाचेच अधिकारी. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी न्यायालयाने आवश्यक ठरवली नाही. माझ्या मते त्या निकालातली सर्वांत मोठी उणीव हीच. तार अधिनियमाची जागा आता २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने घेतली आहे. ऐकण्याचा अधिकार त्यातही कायम आहे.

पेगॅससप्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये तांत्रिक समिती नेमली. तपासलेल्या २९ फोनांपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळले. ते पेगॅससच होते असे सिद्ध झाले नाही. सरकारने सहकार्य केले नाही, असे समितीने कळवल्याचे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितले.

१४/
२०२४ च्या अखेरीस अमेरिकेत आणखी एक गोष्ट उघड झाली. सॉल्ट टायफून या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, चीनशी संबंधित हॅकरांनी मोठ्या टेलिफोन कंपन्यांच्या जाळ्यांत शिरकाव केला होता, आणि न्यायालयीन आदेशानुसार फोन ऐकण्यासाठी असलेल्या यंत्रणाही त्यांच्या तावडीत सापडल्या होत्या. या कंपन्यांत एटी अँड टीही होती. कॅलियाला नुकतीच ३० वर्षे झाली होती.

१८ डिसेंबर २०२४ रोजी अमेरिकेच्या सायबरसुरक्षा संस्थेने ज्यांच्यावर पाळत असण्याचा संभव अधिक अशा उच्चपदस्थांसाठी एक सूचनापत्र काढले. त्यातल्या काही सूचना अशा : निरोपांसाठी फक्त टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असलेले, उदाहरणार्थ सिग्नलसारखे, ॲप वापरा. लॉग-इनसाठी एसएमएसवर येणाऱ्या ओटीपीवर विसंबू नका. फोनचे अपडेट येताच करा आणि शक्य तितके नवे हँडसेट वापरा, कारण जुन्यांना काही संरक्षणे मिळतच नाहीत. आयफोन असेल तर लॉकडाउन मोड चालू करा. हा लॉकडाउन मोड ॲपलने २०२२ मध्ये आणला, तो पेगॅसससारख्या भाडोत्री हेरगिरीला बळी पडण्याचा धोका असलेल्यांसाठी.

झिमरमनची चौकशी करणाऱ्या सरकारने ३० वर्षांनी आपल्याच अधिकाऱ्यांना दिलेला हा सल्ला.