जुनी मालमोटार आणि पेट्रोलची जात

गोदावरीच्या दक्षिणेस वसलेल्या सोनपेठच्या नांवांतच पेठ आहे. जेथें पेठ तेथें माल, आणि जेथें माल तेथें तो वाहून नेण्याची विवंचना. कापूस आणि ज्वारी गंगाखेडच्या अथवा परळीच्या रेल्वेस्थानकावर पोंचविण्याचें काम एके काळीं बैलगाडीचें होतें. बैलास काय चारावें हें गाडीवानास कोणी शिकवावें लागत नसे. कडबा, सरकी आणि पेंड यांतील फरक तो घरींच शिकलेला असे. मोटार आली तेव्हां हा प्रश्न नव्यानें उभा राहिला. डब्यांतलें पेट्रोल दिसावयास सारें सारखेंच. त्यांतही जाती असतात, हें चालकांच्या ध्यानांत यावयास बराच काळ जावा लागला. आजही तें सर्वांच्या ध्यानांत आलें आहे असें म्हणवत नाहीं.

त्या काळीं परभणी जिल्हा हैदराबाद संस्थानांत मोडत असे. इकडे मुंबईंत जनरल मोटर्स कंपनीनें १९२८ सालीं शेव्हरोले गाड्यांची जुळणी सुरू केली होती. तिकडे निजामाच्या रेल्वेनें १९३२ च्या जून महिन्यांत २७ गाड्यांनिशीं आपला मोटारविभाग काढला. त्या पिढीच्या मालमोटारींचीं इंजिनें बहुतेक पेट्रोलचीं आणि स्वभावानें सौम्य. १९२८ ते १९३१ या वर्षांतील फोर्डची मॉडेल ए-ए ही मालमोटार घ्या. पिस्टन वर चढतांना हवा व पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण दाबलें जातें. तें किती पटींनीं दाबलें जातें यास मिस्त्री कॉम्प्रेशन म्हणतात. या इंजिनांत तें प्रमाण ४.२२ होतें, म्हणजे सव्वाचार भांडीं मिश्रण एका भांड्यांत कोंबावें इतकेंच. पुढें १९४० नंतरच्या शेव्हरोलेंत तें साडेसहाच्या आसपास गेलें.

दाबलेलें मिश्रण तापतें. ठिणगी पडल्यावर ज्योतीनें एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमानें सरकावें, हा नियम. परंतु दाब व उष्णता फार वाढली आणि पेट्रोल उतावळें असलें, तर ज्योत पोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण आपोआप एकदम पेट घेतें, आणि सिलिंडरावर आंतून हातोडी मारल्यासारखा आवाज होतो. चालक म्हणतो, इंजिन ठोकतें. परळीहून अंबेजोगाईचा घाट भरल्या मालानिशीं, वैशाखाच्या दुपारीं चढतांना हा आवाज हटकून येतो. तो दुर्लक्षिला तर पिस्टन फुटतो, हेडाचें गॅस्केट जळतें. आणि गाडी कर्जाऊ घेतलेली असेल तर मालकाचा हंगामच बुडतो.

या ठोक्यावरचें औषध अमेरिकेंतील डेटन येथें चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेंत थॉमस मिजली यांना ९ डिसेंबर १९२१ रोजीं सांपडलें. तें शिशाचें एक संयुग होतें, टेट्राएथिल लेड. १९२३ सालीं तें मिसळलेलें पेट्रोल विक्रीस आलें. १९२४ सालीं न्यू जर्सींतील एका कारखान्यांत हें विष बाधून पांच कामगार दगावले, तरी औषध कायमचें मागें घेतलें गेलें नाहीं. ज्यांना धोका ठाऊक होता त्यांनींच तें निर्धोक म्हणून खपविलें, हें या शास्त्राच्या इतिहासांतील लांच्छन होय.

औषध आलें, पण मोजमाप नव्हतें. तें ग्रॅहम एडगर या रसायनज्ञानें १९२६-२७ च्या सुमारास दिलें. आयसो-ऑक्टेन नांवाचा द्रव सहसा ठोकत नाहीं. त्यास १०० गुण दिले. हेप्टेन नांवाचा द्रव लगेच ठोकतो, त्यास शून्य. हें शुद्ध हेप्टेन तेव्हां एका जातीच्या पाइन वृक्षाच्या राळेपासून काढीत. ज्या पेट्रोलचा ऑक्टेन ८७ तें प्रयोगाच्या इंजिनांत ८७ भाग आयसो-ऑक्टेन व १३ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाप्रमाणें वागतें, एवढाच त्या आंकड्याचा अर्थ. तो पेट्रोलच्या बळाचा आंकडा नाहीं, शुद्धतेचाही नाहीं. तो त्याच्या सोशिकपणाचा आंकडा आहे.

याचा पुरावा दुसऱ्या महायुद्धानें रस्त्यावर आणून दाखविला. १९४० सालीं ब्रिटिश लढाऊ विमानांना १०० ऑक्टेनचें पेट्रोल मिळूं लागलें. जमिनीवरील गाड्यांच्या वांट्यास आलेलें सरकारी पेट्रोल सुमारें ७० ऑक्टेनचें. हिंदुस्थानांत १९४१ सालीं पेट्रोलचें रेशनिंग सुरू झालें, आणि अनेक बसगाड्यांच्या व मालमोटारींच्या पाठीशीं कोळशाच्या भट्ट्या चढल्या. लोणारी कोळसा अर्धवट जाळून निघणारा वायू इंजिनांत सोडावयाचा. सोशिकपणांत हा वायू पेट्रोलहून कितीतरी सरस, ऑक्टेन १०० च्या घरांत. परंतु पेट्रोलवर चालण्यासाठीं केलेलें इंजिन त्यावर चालविलें, कीं त्याची ताकद तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत घटे, आणि चढावर उतारूंना खालीं उतरावें लागे. आंकडा मोठा, पण ओढ कमी! मद्यार्काचेंही असेंच. त्याचा ऑक्टेन शंभराहून अधिक; पण एका लिटरांतील उष्णता पेट्रोलच्या सुमारें दोन-तृतीयांश. साखर-कारखान्यांच्या मळीपासून होणारा मद्यार्क पेट्रोलांत मिसळण्याचा कायदा आपल्या देशांत १९४८ सालींच झाला, ही गोष्ट आज अनेकांना नवी वाटेल.

१९५४ सालीं जमशेदपुरास टाटा-मर्सिडीझ डिझेल मालमोटारी बनूं लागल्या, आणि मराठवाड्यांतील मालवाहतूक हळूहळू डिझेलवर गेली. डिझेलला ऑक्टेनचा हिशेब लागूच नाहीं. तेथें तेल लवकर पेटावें हाच गुण, आणि त्याचा आंकडा निराळा. त्यास सीटेन म्हणतात.

ज्यांच्याकडे पेट्रोलची जुनी गाडी राहिली त्यांच्यासाठीं मात्र पंपावरील पेट्रोल बदलत गेलें. ८७ व ९३ अशा दोन जाती कांहीं काळ विकल्या जात. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेंविरहित पेट्रोल आलें. साधें पेट्रोल पुढें ८८ वरून ९१ वर चढलें, आणि २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ सांगितला जातो. १०० ऑक्टेनचें महाग पेट्रोलही डिसेंबर २०२० पासून मुंबई-पुण्यास मिळूं लागलें. सव्वाचार किंवा साडेसहा कॉम्प्रेशनच्या इंजिनास ७० चें पेट्रोल पुरत असे. त्यास १०० चें पाजणें म्हणजे बैलास बदामाचा खुराक देऊन नांगरट दुप्पट होईल अशी आशा करणें.

म्हणून जुन्या मालमोटारीच्या मालकानें पंपावरील आंकड्यापूर्वीं गाडीच्या पुस्तकांतील कॉम्प्रेशनचा आंकडा पाहावा. हेड घांसून बसविलें असेल तर तो वाढलेला असतो, हेंही मिस्त्रीस विचारावें. साध्या पेट्रोलवर गाडी ठोकूं लागली तर बहुधा दोष पेट्रोलच्या जातीचा नसतो. ठिणगी लवकर पडत असते, हेडांत काजळी जमलेली असते, किंवा कोणी रॉकेल मिसळलेलें असतें, कारण रॉकेल फार लवकर ठोकतें. फोर्डच्या जुन्या गाडींत ठिणगी मागेंपुढें करण्याची दांडी स्टिअरिंगखालींच होती, आणि हुशार चालक पेट्रोल पाहून ती हलवीत असे.

खरी काळजी दुसरीकडे आहे. शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकीस झीजेपासून राखीत असे. तो गेल्यानें मऊ बिडाच्या बैठकी घांसूं लागतात, व्हॉल्व्ह आंत बसतो आणि टॅपेटची फट नाहींशी होते. ती वरचेवर मोजावी, आणि इंजिन उघडलेंच तर कठीण पोलादाच्या बैठकी बसवाव्या. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या व कार्बोरेटरचीं पॅकिंगें फुगवितें, टाकींतील जुना गंज सोडवून फिल्टरांत आणतें, आणि हवेंतील पाणी शोषून घेतें. पावसाळाभर उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी म्हणूनच मृगापूर्वीं रिकामी करावी, आणि दसऱ्यास ताजें पेट्रोल भरून मगच तिला किल्ली द्यावी.